चौथी ओळ

आमच्या घरात सकाळी बंब पेटवायचं काम माझ्याकडे होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे. जळगावात, मेहरूणला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं घर होतं. पुढे ओटा, मागे मोरी, मोरीला लागून तांब्याचा बंब आणि त्याच्या शेजारी पऱ्हाट्यांचा भारा. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या तडतडत पेटायच्या, मग हळूहळू बंबाच्या पोटात पाणी गुणगुणायला लागायचं, आणि तेवढ्यात आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. त्या दोन आवाजांवर आमचा दिवस उजाडायचा. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घर चालायचं ते भाऊच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर. तो फैजपूरकडे केळीच्या गाड्या भरून देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. आठवड्यातले चार दिवस तिकडे, तीन दिवस घरी. घरी यायचा तेव्हा आधी केळीच्या चिकाचा वास यायचा, मग तो. चिकाचे डाग काळे पडतात आणि कशानेही जात नाहीत. भाऊचा एकही सदरा त्या डागांवाचून नव्हता.

वहिनी धुळ्याची. बी. ए. झालेली. आमच्या घरात तोवर इतकं कुणी शिकलेलं नव्हतं. ती कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे लगेच संशय यायचा. आई भांड्यांशी, मांजराशी, शेजारच्या भिंतीशीसुद्धा मोठ्यानं बोलायची. मीही तिच्यावरच गेलेली. (आता माझं बोलणं कमी झालंय असं घरातले म्हणतात. त्याचं कारण या प्रकरणात आहे.) वहिनी भांडी घासता घासता मध्येच थांबायची, हात तसाच राखेत, नजर खिडकीबाहेर. आई मला कोपरानं ढोसून म्हणायची, ‘‘देख, गई धुये.’’ म्हणजे, गेली बघ धुळ्याला. मी हसायचे. मी सतरा वर्षांची होते आणि सगळ्यांच्या मनातलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

कार्डं जानेवारीपासून येत असणार. माझ्या नजरेला पडलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा पोस्टमन यायच्या वेळेला मी ओट्यावर असायचे. साधं पोस्टकार्ड, वर धुळ्याचा शिक्का, पत्त्यात वहिनीचं नाव, आणि आत ना ‘सप्रेम नमस्कार’, ना खाली सही. मधोमध फक्त तीन ओळी.

अखाजी सरली
झोक्याचा दोर हलतो
वारा नसता

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे तेव्हा झोके बांधतात. आईला वाचता येत नव्हतं. घरातला प्रत्येक कागद मी वाचून दाखवायचे आणि त्याचा मला थोडा माजही होता. ‘‘कोन्हा कागद शे?’’ तिनं आतूनच विचारलं. मी म्हटलं, वहिनीचा, धुळ्याहून. ‘‘वाची दखाड.’’ मी वाचून दाखवला. आई पीठ भरलेल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. ‘‘इतलंच? तीन वळीसाठे कोन कागद धाडस?’’ खरंच की, तीन ओळींसाठी कोण कागद धाडणार? ना कुणाची तब्येत, ना कुणाचं लग्न, ना बाळंतपण. वहिनी मागून आली, कार्ड हातातून घेतलं, वाचलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलेली नाही. हसू नव्हतं ते. तहानलेल्यानं पाणी प्यायल्यावर चेहरा होतो तसं काहीतरी होतं. मग ती कार्ड पदराखाली धरून आत गेली आणि तिच्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप वाजलं.

त्यानंतर मी पाळतीवर राहायला लागले. दुसरा शब्द नाही. महिन्याला एक कार्ड यायचं, एक जायचं. जाणारं कार्ड ती स्वतः टपालपेटीत टाकून यायची, माझ्या हाती कधी दिलं नाही. म्हणजे मला एकच बाजू दिसत होती, आणि एका बाजूनं काहीही वाचता येतं. पावसाळ्याच्या तोंडाशी कार्ड आलं: तळ्याकाठी, पाच वाजले, बगळा अजून तिथंच. मी ते पुन्हा वाचलं. वेळ, जागा, आणि वाट बघणारा एकटा जीव. दुसऱ्या दिवशी पाचाच्या सुमाराला वहिनी भाजीची पिशवी घेऊन निघाली तशी मी तिच्या मागे गेले. ती मेहरूणच्या तळ्यावर गेली. काठावर उभी राहिली. कुणी आलं नाही. ती पाण्याकडे बघत होती आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मी बाभळीआडून बघत विचार करत होते, ही दिवस मोजतेय. कसले दिवस? मग तिनं येताना गवार घेतली आणि घरी आली. मी रात्रीच्या जेवणात ती गवार खाल्ली नाही. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कडू आहे.

शेवटी मीच तिला विचारलं. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशीची गोष्ट, दोघी मिळून पुरण वाटत होतो. ‘‘वहिनी, तुला कार्ड कोण पाठवतं?’’

‘‘नाना,’’ ती म्हणाली. इतक्या सहज, की मला ते नाव आधीपासून तयार ठेवल्यासारखं वाटलं. ‘‘आमच्या गल्लीतले. दवाखान्यात कंपाउंडर आहेत. आम्ही आठ-दहा जण आहोत, हायकू लिहिणारे.’’

‘‘म्हणजे काय?’’

तिनं हात धुतले आणि सांगितलं. जपानकडची रीत आहे, तीन ओळींची कविता, त्यात त्या दिवसांतलं काहीतरी, ऋतूतलं. जे दिसलं ते लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते लिहायचं नाही. त्यांच्या मंडळात वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. दर महिन्याला जोडीदाराला एक कार्ड धाडायचं, त्याचं उत्तर यायचं. आपण लिहिलेल्याची नक्कल ठेवायची नाही. धाडलं की ते ज्याला मिळालं त्याचं. मग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी नानांच्या घरी जमायचं, आपापल्याकडे आलेली कार्डं आळीपाळीनं वाचायची, म्हणजे प्रश्न आणि उत्तर शेजारी येतात, वर्ष पुरं होतं. आणि वाचून झाली की ती कार्डं पऱ्हाट्यांच्या आगीत टाकायची, त्याच आगीवर वांगी भाजायची, भरीत खायचं आणि घरी जायचं. ‘‘तो आमचा निरोप. या वर्षी चिठ्ठीत मला नाना आलेत. यांनी जाऊ दिलं तर मी जाणार आहे,’’ ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती एकदाही गेली नव्हती.

मला यातलं निम्मं पटलं, निम्मं नाही. कार्डं जाळायची ही गोष्ट तर मला फारच सोयीची वाटली. पण एवढं खरं, की ते ऐकल्यावर मलाही त्यात जावंसं वाटलं. मी आठवडाभर खपून तीन ओळी केल्या आणि तिला दाखवल्या. उन्हाची दुपार, माझ्या मनात, माझं कुणी नाही. वहिनीनं कागद दोनदा वाचला. तिला खोटं बोलता येत नसे. ‘‘मंदाताई,’’ ती म्हणाली (मी सात वर्षांनी लहान, तरी ती मला ताई म्हणायची), ‘‘यात ऊन कुठंय? यात सगळीकडे तूच आहेस. स्वतःला काढून टाक, मग बघ काय उरतं.’’

शिकवण्यासाठीच बोलली होती ती. आज मी हे लिहितेय तेव्हाही पानापानावर मीच आहे, तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण सतराव्या वर्षी ‘स्वतःला काढून टाक’ हे कुणी म्हटलं की माणूस ते कसं ऐकतं, ते मला विचारा. त्या दिवसानंतर माझा संशय मला हवाहवासा वाटायला लागला. आधी तो आपोआप यायचा. आता मी त्याला बोलावून आणत होते.

दिवाळी गेली, थंडी पडली. बामणोदकडची हिरवी वांगी बाजारात यायला लागली आणि गल्लीत संध्याकाळी जिकडेतिकडे वांगी भाजल्याचा वास. वहिनीनं भाऊला विचारलं, त्यानं ‘जाऊन ये’ म्हटलं. ती एवढ्यावरच इतकी खूश झाली की भाकरी करता करता काहीतरी गुणगुणायला लागली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

डिसेंबरातलं कार्ड आलं तेव्हा वहिनी तळ्यावर धुणं घेऊन गेली होती. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. ‘‘धुयाथीन का?’’ मी हो म्हटलं. ‘‘वाच.’’

कार्डावर होतं ते असं:

वर्ष सरलं
भिंतीवर राहिला
एकटा खिळा

मी ते वाचलं. आणि थांबले नाही. माझ्या तोंडून पुढची ओळ आली, त्याच आवाजात, त्याच चालीत, जणू कार्डावरच आहे. ‘‘तू कधी येशील?’’

मी हे आधी ठरवलं होतं का, असं स्वतःला अनेकदा विचारलंय. नव्हतं ठरवलं. पण आल्यावर ते मागेही घेतलं नाही. आईचा हात सुपात थांबला. ‘‘‘तू’ लिखेल शे?’’

‘‘हो.’’

‘‘पोरी, बठ्ठं वाचं का तू? तेच लिखेल शे?’’

‘‘हो, आई. सगळं वाचलं. तेच आहे.’’

आईनं सूप बाजूला ठेवलं. ‘‘येऊ दे तुन्हा भाऊले,’’ एवढंच म्हणाली. आणि मग माझ्या लक्षात आलं की भाऊला वाचता येतं. भाऊ कार्ड मागणार. कार्डावर तीनच ओळी आहेत. मी मोरीकडे गेले. बंबात सकाळचा विस्तव अजून होता. पोस्टकार्डाचा कागद जाड, पटकन पेटत नाही. आधी त्याच्या कडा तपकिरी झाल्या, मग अक्षरं वर उठल्यासारखी दिसली, ‘खिळा’ हा शब्द सगळ्यात शेवटी गेला. पुष्कळ वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की ती कार्डं नाहीतरी जाळायचीच असतात.

भाऊ शनिवारी आला. आईनं त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही. तो ऐकत होता आणि अंगठ्याच्या नखानं हातावरचा चीक खरवडत होता. मग त्यानं वहिनीला हाक मारली. ‘‘धुळ्याचं कार्ड आलंय या महिन्यात?’’

‘‘नाही अजून. मीच वाट बघतेय,’’ वहिनी म्हणाली.

‘‘मी मन्हा कानवरी ऐकेल शे,’’ आई म्हणाली. ‘‘मंदानी वाची दखाडं. आते कार्ड कोठे गयं? ‘तू कधी येशील’ लिखेल व्हतं त्यामा. तुले काय कमी शे आठे?’’

‘‘मला कार्ड मिळालंच नाही,’’ वहिनी हळू म्हणाली. आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सरळ, बराच वेळ. मी मान खाली घातली. त्या नजरेवर मी पुढची चौतीस वर्षं काढली. मला त्या क्षणी वाटलं, हिला कळलं. आता ही बोलेल. पण ती बोलली नाही. आत गेली, पेटी उघडली, अकरा कार्डं दोऱ्यानं बांधलेली आणली आणि भाऊसमोर ठेवली. ‘‘मला नका जाऊ देऊ,’’ ती म्हणाली. ‘‘पण ही तेवढी नानांकडे पोचती करा. नाहीतर त्यांचं वर्ष अर्धं राहील.’’

‘‘मीच जातो,’’ भाऊ म्हणाला. ‘‘बघतो कोण नाना आहे. मंदे, तूही चल. तू वाचलंयस.’’

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. एरंडोल, पारोळा. भाऊ खिडकीशी बसून अकरा कार्डं एकेक करून वाचत होता, ओठ हलवत, पावती वाचावी तसा. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, ‘‘यात काहीच नाही गं. चतुर, सायकल, झोका. हे लिहायला माणूस टपाल कशाला खर्च करतो?’’ मग थोड्या वेळानं स्वतःशीच, ‘‘का खुणेचं आहे सगळं?’’

धुळ्यात जुन्या गावातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नानांचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण वासच येत होता. मागच्या अंगणात आठ-नऊ माणसं सतरंजीवर बसलेली. एक शिंपी, दोन मास्तर, सुताचा व्यापार करणारे एक मारवाडी शेठ, एक-दोन बाया. नाना पन्नाशी ओलांडलेला, कानटोपी घातलेला, बारीक माणूस. बायको वारलेली, घरात थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणत होते. ‘‘या भाऊ, बसा,’’ अक्का म्हणाली. ‘‘भरीत व्हई राहिनं.’’

भाऊ बसला नाही. ‘‘मी जळगावहून आलोय,’’ तो म्हणाला आणि वहिनीचं नाव घेतलं. ‘‘तिचा नवरा. ती येणार नाही. कार्डं आणलीत.’’

नाना उठून उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघत होते. भाऊही बघत होता. ते म्हणाले, ‘‘बरं नाही का त्यांना?’’ आम्ही दोघंही त्या ‘त्यांना’वर अडलो. मी लगेच मनात म्हटलं, नवऱ्यासमोर ‘त्यांना’च म्हणणार.

‘‘बरी आहे.’’

‘‘मग त्यांच्या जागी तुम्ही वाचा. माणूस आला नाही तरी कार्डं वाचली जातात. बसा.’’

‘‘मला कवितेतलं काही कळत नाही.’’

‘‘कुणाला कळतंय?’’ शेठ म्हणाले. ‘‘मी बारा वर्षं येतोय, मला भरीत कळतं फक्त.’’ सगळे हसले, आणि भाऊला बसावं लागलं.

रीत अशी होती की एक कार्ड याचं, एक त्याचं. भाऊ नानांची कार्डं वाचणार, नाना वहिनीची. भाऊनं गाडीत घड मोजताना हाक देतात तशा सपाट आवाजात पहिलं कार्ड वाचलं. नानांनी उत्तर वाचलं. मला पहिल्यांदा दुसरी बाजू ऐकू येत होती. झोक्याच्या दोराला वहिनीनं उत्तर दिलं होतं: तळ्यात पाणी कमी, बगळ्याचे पाय, आज दिसले. म्हणजे बगळा तिचाच होता. नानांनी पुढच्या कार्डात तो फक्त परत पाठवला होता. बसलेल्यांपैकी दोघंतिघं ऐकताना अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजत होते. अक्षरं जास्त तर होत नाहीत ना, ते बघत. मी खाली बघितलं.

श्रावणातलं आलं. भाऊनं वाचलं: पावसात सायकल, घंटीवर बसलेला, चतुर उडाला. नानांनी वहिनीचं कार्ड हातात घेतलं.

धुणं वाळेना
दोरीवर चिकाचा डाग
तेवढा कोरडा

भाऊ पुढचं कार्ड उचलायचं विसरला. त्यानं आपल्या बाहीकडे बघितलं. ‘‘हा माझा सदरा आहे,’’ तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

‘‘असणारच,’’ नाना म्हणाले. ‘‘पुष्कळदा आहे तो यात.’’

त्यानंतर भाऊचा आवाज बदलला. सपाटच होता, पण हळू झाला. डिसेंबरात वहिनीनंच आधी धाडलं होतं, म्हणून शेवटी नानांनी तिचं बारावं कार्ड वाचलं: पहाटेचं धुकं, केळीची गाडी, फक्त दिवे. सगळे भाऊकडे बघायला लागले. त्याचे हात रिकामे होते.

‘‘बारावं आलं नाही,’’ भाऊ म्हणाला.

‘‘मी धाडलंय,’’ नाना म्हणाले. ‘‘चौथ्या दिवशी पोचायला हवं होतं.’’

‘‘मग म्हणून दाखवा. तुमचंच आहे ना.’’

नानांनी मान हलवली. ‘‘धाडलं की माझं राहत नाही. ज्याला मिळालं त्यानंच म्हणायचं. नाही मिळालं तर नाही.’’

‘‘तीनच ओळी लिहिता का तुम्ही? का कधी चार?’’

नाना हसले. ‘‘तीन करता करताच महिना जातो हो.’’

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. त्या अंगणात एक मीच होते जिला ते कार्ड पाठ होतं. तीन ओळी म्हटल्या असत्या तर नानांनी मान डोलावली असती, वर्ष पुरं झालं असतं, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मी ओठ उघडलेसुद्धा. मग मिटले. शेठनी तेवीस कार्डं गोळा केली आणि आगीत सारली. त्यांच्यावर अक्कानं वांगी ठेवली. वांग्यांची सालं तडकायला लागली. त्या दिवशीच्या भरिताची चव मला सांगता येणार नाही, कारण मला ती कळलीच नाही. भाऊनं मात्र दोनदा मागून घेतलं.

परतीच्या गाडीत ऊन तिरपं झालं होतं. एरंडोल मागे पडल्यावर भाऊ म्हणाला, ‘‘मंदे. आईला तूच वाचून दाखवलंस ना?’’

‘‘हो.’’

‘‘ती शेवटची ओळ, ‘तू कधी येशील’. होती ती? नीट आठव. गडबडीत काही दुसरं वाचलं असशील.’’

तो मला वाट काढून देत होता. त्याला ‘नाही’ ऐकायचं होतं, हे त्याच्या आवाजात इतकं स्पष्ट होतं की आजही तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो. ओट्यावरचं खोटं तोंडून निसटलं होतं. हे दुसरं मी विचार करून बोलले.

‘‘होती,’’ मी म्हटलं.

भाऊनं पुन्हा तो विषय काढला नाही. वहिनीला त्यानं कधी मारलं नाही, बोललाही नाही. फक्त धुळ्याला जायचं म्हटलं की तो बरोबर जायचा आणि संध्याकाळी बरोबर घेऊन यायचा. नानांच्या गल्लीत तिला पुन्हा पाऊल टाकता आलं नाही. कार्डं थांबली, नव्या वर्षाच्या चिठ्ठीत तिचं नाव नव्हतं. दोन वर्षांनी नाना गेल्याचं कळलं. वहिनी त्या दिवशी भांडी घासताना थांबली नाही, घासतच राहिली.

माझं लग्न झालं, मी जामनेरला आले. लग्नात माझ्या पायांना हळद तिनंच लावली, माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत राहिले, हिला माहीत आहे, ही कशाची तरी वाट बघतेय. ती माझ्या ताटात वाढायची आणि मी तिचे हात बघायचे. सगळ्यात कठीण असायचं ते निघताना. माहेरून लेक निघाली की दारात उभं राहून जे कुणीही विचारतं, तेच ती विचारायची: ‘‘आता कधी येशील?’’ ती टोमणा मारतेय, असं मला दर खेपेला वाटायचं. मी तिच्या चेहऱ्यावर शोधायचे, काही सापडायचं नाही, आणि सापडत नाही म्हणजे ती लपवतेय असं मी धरून चालायचे.

आई गेली. तीन वर्षांपूर्वी भाऊ गेला. गेल्या डिसेंबरात मी जळगावला गेले. वहिनी ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसून शेंगा घेतल्या आणि वर न बघता सांगून टाकलं. ‘‘वहिनी, नानांच्या त्या कार्डावर तीनच ओळी होत्या. चौथी मी केली. कार्ड मी बंबात घातलं. भाऊला गाडीत पुन्हा खोटं सांगितलं.’’

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. ‘‘तीनच?’’

‘‘तीनच.’’

‘‘सांग.’’

मी सांगितल्या. वर्ष सरलं, भिंतीवर राहिला, एकटा खिळा. तिनं त्या पुटपुटल्या, अंगठा पेरांवरून एकदा फिरला. ‘‘चांगलं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘नानांचं हे चांगलंच आहे.’’

‘‘तुला कळलं होतं ना?’’ मी विचारलं. ‘‘त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस.’’

‘‘तुला विचारत होते मी. खरंच तसं लिहिलंय का म्हणून. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, लिहिलंय.’’ तिनं वाटीतले दाणे बोटानं सारखे केले. ‘‘ह्यांना मी शेवटपर्यंत सांगत राहिले की तसलं काही नाही. आणि नव्हतंच. पण मला वाटायचं, नानांनी लिहिलं असेल ते. वर्ष संपायला आलं की आठवायचं. कुणीतरी एकदा कागदावर विचारलं होतं, तू कधी येशील.’’ तिनं पुढची शेंग उचलली आणि तशीच ठेवली. ‘‘ते तुझं होतं होय.’’

माफी मागायची म्हणून मी आले होते आणि ती कुठल्या गोष्टीची मागायची तेच आता कळेना. तिनं पाटी उचलली, आत गेली. आतून वांगी धुतल्याचा आवाज आला. तिनं भरीत केलं, मला वाढलं, स्वतःही माझ्यासमोर बसून जेवली. तुरीच्या दाण्यांचा डबा माझ्या पिशवीत घातला.

पाचच्या गाडीला मी निघाले. ती नेहमीसारखी दारापर्यंत आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. मी चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि थांबले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ती तळ्याच्या बाजूला बघत होती. मी पायरी उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, तिथं एकदा मागे वळून पाहिलं. ती अजून तिथंच होती. कधी येशील, हे या वेळी तिनं विचारलं नाही.